चोवीस भोकं

"याला भोकंच न्हाईत, अप्पा," बीडच्या बसस्टँडसमोरचा बॅटरीवाला योगीराज म्हणाला आणि माझ्या कपातला चहा माझ्याच धोतरावर सांडला. चहा गरम होता, पण भाजलं ते मांडीला नव्हे. त्याने काउंटरवर एक काळा ठोकळा ठेवला होता. विटेएवढा, चारी बाजूंनी गुळगुळीत, वर दोन पितळी जिभा. गावातल्या टेलिफोनच्या बूथवाल्याने मला ती बॅटरी आणायला धाडलं होतं, म्हणून सकाळच्या गाडीने सिरसाळ्याहून आलो होतो. "सीलबंद माल हाय," योगीराज बोलत होता, "पाणी टाकायचं न्हाई, झाकण उघडायचं न्हाई. सगळा दम आतल्या आत." मी ठोकळा उचलून उलटा केला, सुलटा केला, कडेकडेने अंगठा फिरवला. पस्तीस वर्षं हा अंगठा बॅटऱ्यांच्या झाकणांवरून फिरतो आहे. डोळे मिटूनही तो भोक शोधतो, जसं शेळीच्या पिलाला आचळ शोधायला शिकवावं लागत नाही. अंगठा दोनदा फेरी मारून रिकामा परत आला. "कुणी बुजवली?" मी विचारलं. "काय?" "भोकं." "अवो कंपनीनंच." "कंपनीतल्या कुणी? नाव सांग त्याचं." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. योगीराज म्हणाला, "अप्पा, तुमी बी लईच करता राव. आत रबरी पडदा असतो म्हणे. वाफ दाटली तर तेवढ्यापुरता उघडतो, पुन्ना बंद. नवीन टेक्निक हाय." मी ठोकळा धोतराच्या ओल्या डागावर दाबून धरला आणि दुकानाबाहेर पडलो. पाच वर्षं! पाच वर्षं मी चोवीस भोकांसाठी एका अख्ख्या गावाशी भांडतो आहे, आणि इथे कंपन्या भोकं बुजवून, वर चांदीचा कागद चिकटवून, हसतमुख बाईचं चित्र लावून माल विकताहेत!

ज्यांनी बॅटरीशी संसार केलेला नाही त्यांना हा राग कळायचा नाही. ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या बॅटरीला सहा खण असतात, सहा खणांना सहा झाकणं, आणि दर झाकणाला तिळाएवढं एक भोक. चार्जिंगला लावली की आतलं तेजाब रटरटल्यासारखं बुडबुडे सोडतं. त्या बुडबुड्यांतून एक वायू निघतो. तो दिसत नाही. नाकाशी थोडा आंबूस वास येतो तेवढाच. त्याला ठिणगी दाखवाल तर तो ठिणगीचाच होतो. म्हणून ते भोक. बॅटरी श्वास सोडते, तिला सोडू द्यावा, एवढंच शास्त्र. सिरसाळ्यात बाजारतळाच्या कोपऱ्यावर माझं चार्जिंगचं दुकान आहे, तिथे हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलेलं आहे. आता हेही खरं की तिथे मी बाकीही पुष्कळ सांगितलेलं आहे. बॅटरी भरायला वेळ लागतो आणि माणूस बाकावर रिकामा बसतो. रिकामा माणूस मला बघवत नाही. एके वर्षी सिरसाळ्याच्या बाजारात मिरची इतकी तिखट आली की तोलणाऱ्या काट्याला ठसका लागून पावशेर माल जास्त गेला, हे मी सांगितलं. निजामाच्या एका सुभेदाराची मोटार वयाच्या सातव्या वर्षी मी चिंचेच्या कोळावर परळीपर्यंत नेली, हेही. लोक मांड्या थोपटून हसायचे, "अप्पा, अजून एक," म्हणायचे. शिवकांता, म्हणजे आमचं कुटुंब, आतून ओरडायची, "बॅटऱ्या भरा, कान भरू नका!" पण माणूस गोष्ट सांगताना एका आवाजात सांगतो आणि धोक्याचं सांगताना दुसऱ्या. हा फरक ज्यांना कळला नाही ते कान कसले? ती निव्वळ भोकंच की!

गाडी वडवणीच्या रस्त्याला लागली. ठोकळा मांडीवर होता. खड्डा आला की त्याचं ओझं पोटऱ्यांपर्यंत उतरायचं, आणि मला उगाच वाटत राहिलं की मी कुणाचं तरी गुदमरलेलं मूल घेऊन चाललो आहे. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय ओ त्यात?" मी म्हणालो, "पाच वर्सांचा राग." ती खिडकीकडे सरकली. राग सुरू झाला तो एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या चैत्रात. आमच्या गावातल्या बंकटने त्या आधीच्या वर्षी केबल आणली होती. छपरावर लोखंडी परात, गल्लीगल्लीतून वायरी, आणि घराघरांत परदेशची माणसं नाचायला लागली होती. एक दिवस तो माझ्या दुकानात धावतच आला. त्याने पडद्यावर दोन गाड्या बघितल्या होत्या. सरळ रस्ता, हिरवा दिवा, धूर, आणि दहा सेकंदांत खेळ खलास. "अप्पा, हे तर आपलं शंकरपटच हाय की!" तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. आमच्याकडे दोन बैलांचा हलका छकडा सरळ माळावरून सोडतात, घड्याळ लावतात, आणि डोळ्याची पापणी दोनदा लवेपर्यंत निकाल लागलेला असतो. "पर बैलं कावून पायजेत? बॅटरीवर पळवू. बंकट केबल मित्रमंडळाचा बिनबैलाचा छकडा! खताची कंपनी बॅनर देणार हाय." छकड्यावर उभं राहायला, म्हणजे धुरकरी म्हणून, त्याने मुंजाजीला धरलं. मुंजाजी सारजाबाईचा एकुलता. घरी मेंढरं, पण पाय असे की धावत्या छकड्याच्या दांडीवर तो तंबाखू मळायचा, आणि हे मी सांगतो म्हणून खोटं समजू नका. पंचक्रोशीत त्याच्यासारखा धुरकरी नव्हता.

छकडा मी केला. हे मी कधी नाकारलेलं नाही. ट्रकचं इंजिन चालू करताना जी मोटार जोर लावते, जिला सगळे सेल्फ म्हणतात, ती घेतली. ती पाच मिनिटं चालवली तर जळेल; पण आपल्याला दहा सेकंदच पाहिजेत. चार बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या. चार सक चोवीस भोकं. पहिल्यांदा चाचणी घेतली तेव्हा मुंजाजी दांडीवरून मागच्या मागे उडून बाभळीत पडला आणि काटे काढता काढता इतका हसला की मलाही रडू येईपर्यंत हसू आलं. "अप्पा, बैलाला निदान शेपूट तरी असतं वो! ह्याचं काय पिरगाळू?" तेव्हाच मी बंकटला दुसऱ्या आवाजात सांगितलं होतं. बॅटऱ्या भरून झाल्या की तासभर उघड्यावर ठेवायच्या, आतला वायू जाऊ द्यायचा. वर काही झाकायचं नाही. मुंजाजी आणि बॅटऱ्या यांच्यामध्ये जाड फळी पाहिजे. आसपास विडीसुद्धा नको. आणि बादलीभर खायच्या सोड्याचं पाणी हाताशी पाहिजे, कारण तेजाबाला तेच मारतं. बंकटने मान हलवली. मान हलवणाऱ्या माणसांची मला तेव्हापासून किळस आहे. फळीने वजन वाढतं म्हणून फळी गेली. आणि जत्रेच्या सकाळी चार भरलेल्या बॅटऱ्या मुंजाजीच्या अंगणात छकड्यावर चढवून, भोकं फुंकून मोकळी करून, मी आंघोळीला आणि लिंगपूजेला घरी गेलो. तासभर. तेवढ्या तासात बंकटची माणसं आली आणि त्यांनी बॅटऱ्यांवर पत्र्याची पेटी ठोकली. खिळ्यांनी! कशासाठी? तर बॅनर लावायला सपाट जागा पाहिजे म्हणून.

मी माळावर पोचलो तेव्हा पेटीवर खताच्या गोणीएवढी अक्षरं होती. "बंकट, पत्रा काढ," मी म्हणालो. "अप्पा, पावणे आल्यात. आता कुठं खिळे काढता?" "मला भोकं बघायचीत." "जलमभर भोकंच बघितली ना तुमी?" तो हसला, आणि त्याच्या भोवतीचे हसले, आणि त्यांच्या मागचे, ज्यांना काही ऐकूही गेलं नव्हतं, तेही हसले. "तुमी गोष्टी सांगा अप्पा, पट आमी बघतो." तेवढ्यात कुणीतरी ताट आणलं. नारळ, गुलाल आणि रसरसून पेटलेला कापूर. पेटीभोवती ओवाळायला! मला काही सुचलं नाही. म्हणजे एकच सुचलं. मी पुढे होऊन फुंकर मारली आणि आरती विझवली. शिवाचं नाव घेऊन उठणारा, कपाळाला विभूती लावणारा मी, भर जत्रेत कापूर विझवला. माळावर अशी शांतता झाली की लाउडस्पीकरच्या पोंग्यातली खरखर ऐकू आली. मग शिव्या आल्या. मुंजाजीने दांडीवरून माझ्याकडे बघून डोळा मारला. डावा. तो डोळा मारणं मला अजून दिसतं, कारण त्या डोळ्याने त्यानंतर काही केलं नाही. घड्याळवाल्याने रुमाल टाकला. मुंजाजीने खटका दाबला. छकडा हात-दोन हात पुढे गेला असेल नसेल, आणि पेटीच्या आतून एक आवाज आला. फटाक्यासारखा नव्हे, मोठ्या माणसाने बंद खोलीत एकच शब्द ओरडावा तसा. पत्रा बॅनरसकट वर गेला. मग वास, तो आंबूस, घशात नखं रोवणारा वास, आणि मुंजाजी दोन्ही हात तोंडावर दाबून बसलेला, जसा लहान मुलांत राज्य घेतलेला आकडे मोजत बसतो. मी सोड्याच्या बादलीकडे पळालो. बादलीत पाहुण्यांसाठी आणलेले गुच्छ ठेवले होते. ताजे राहावेत म्हणून! मी गुच्छ भिरकावले आणि ते पाणी, पाकळ्यांसकट, त्याच्या तोंडावर ओतलं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी पुढे सांगितलं की त्या पाण्याने एक डोळा वाचला. त्या डोळ्यालाही आता माणूस कळतो, चेहरा कळत नाही.

आणि गाव काय म्हणालं? तेलगाव आलं, गाडीत भजी आली, शेजारच्या बाईने मला एक देऊ केलं, आणि मी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की तिने ते परत पुडीत ठेवलं. कारण माझ्या डोक्यात गाव बोलत होतं. गाव म्हणालं, अप्पानं आरती विझवली म्हणून झालं! चार शिकलेली माणसंही तेच म्हणाली. शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारा मास्तर म्हणाला, "तसं नसेलही अप्पा, पण तुम्ही फुंकायला नको होतं." बंकटने तर गावजेवण घालून शांत केली. कुणाची शांत? माझी तर झाली नाही! मी दुकानाच्या फळीवर खडूने बॅटरीचं चित्र काढलं, सहा खण, सहा भोकं, बाण. लोक बघायचे आणि म्हणायचे, "अप्पा, ह्या गोष्टीत बैल कवा येतो?" खरं सांगायला गेलो की त्यांच्या ओठांच्या कडा आधीच हलायला लागायच्या, हसायची जागा हुकू नये म्हणून. पण माझ्याकडे पुरावा होता. स्फोटानंतर माळावर मी एकटा फिरलो होतो, पत्र्याचे तुकडे, झाकणं गोळा करत. त्यातल्या एका झाकणाला काहीतरी चिकटलेलं होतं. वाळलेलं, पिवळट, टणक. मी नखाने खरवडलं, वास घेतला. कणीक. कुणीतरी झाकणांवर कणीक थापून भोकं बुजवली होती. एक नव्हे; जेवढी झाकणं सापडली तेवढ्या सगळ्यांवर तिचे डाग होते. म्हणजे वायू आत कोंडला, खटक्याच्या दणक्याने आत कुठेतरी ठिणगी पडली, आणि चारही बॅटऱ्या फुटल्या. पत्रा ठोकणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "आमी आलो तवा कणीक व्हतीच. आमाला वाटलं पूजेची हाय." खोटारडे! मी तो तुकडा चुन्याच्या रिकाम्या डबीत घातला. तेव्हापासून ती डबी माझ्या बंडीच्या खिशात, छातीशी आहे.

त्या तुकड्याला कडेने मुरड होती. करंजीला, कानवल्याला घालतात तशी, बारीक, एकसारखी, एकावर एक दुमडत गेलेली. बंकटच्या बोटांना मुरड घालता येते का, असा प्रश्न एखाद्याला पडला असता. मला पडला नाही. मी ठरवलं की बंकटकडे पाहुण्यांसाठी पुऱ्यांचा घाणा होता, कणीक तिथलीच. मुरडीचं मी काही ठरवलं नाही. मुरड उलटी होती, उजव्याऐवजी डावीकडे झुकलेली. तेही मी पाच वर्षं बघत होतो, जसं माणूस रोज घड्याळ बघतो आणि वेळ विचारली की पुन्हा बघतो. दर पंधरा दिवसांनी मी मुंजाजीच्या अंगणात जाऊन बसायचो, डबी उघडायचो, आणि बंकटचा उद्धार करायचो. शेवट ठरलेला असायचा. "ज्यानं ही भोकं बुजवली त्याचे हात झडोत!" मुंजाजी मेंढरांच्या लोकरीतले काटे बोटांनी चाचपून काढत गप्प ऐकायचा. सारजाबाई चुलीपुढून उठून आत जायची. मला वाटायचं, आईचं काळीज आहे, ऐकवत नसेल. मला बरं वाटायचं. या गावात रागावणारा निदान एक तरी माणूस आहे, आणि तो मी आहे, याचा एक उबदार गर्व घेऊन मी घरी यायचो आणि दोन भाकरी जास्त खायचो.

सिरसाळ्याला उतरलो तो बूथवाल्याकडे न जाता तडक मुंजाजीकडे गेलो. ठोकळा त्याच्या पुढ्यात आपटून सांगायचं होतं, बघ बाबा, आपण येडे ठरलो, कंपन्याच आता तुझे डोळे फोडायला निघाल्यात. उद्या पोळा होता. अंगणात शिंगांच्या रंगाचे डबे उघडे पडले होते. बैल आता त्यांच्याकडे नव्हते, शेजाऱ्याचे रंगवायला आले होते, आणि मुंजाजी एका बैलाच्या शिंगावर हाताने चाचपत निळा पट्टा ओढत होता. पट्टा सरळ होता. सारजाबाई ओसरीवर परात घेऊन बसली होती. उद्याच्या नैवेद्याचे कानवले. या घरात गहू दोनदाच दिसतो, पोळ्याला आणि चैत्रातल्या जत्रेला. "या अप्पा," ती म्हणाली आणि मान खाली घालून लाटी हातात घेतली. मी तोंड उघडलं. सुरुवात ठरलेली होती, "त्या बंकटच्या..." पण माझे डोळे तिच्या बोटांवर गेले. ती डावखुरी आहे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. तीस वर्षं ती माझ्याकडे टीव्हीची, ट्रॅक्टरची, कुणाकुणाची बॅटरी भरायला घेऊन यायची, डाव्या हाताने पदर सावरायची. डावा अंगठा पुढे सरकत होता, कडा दुमडत होता, पुन्हा सरकत होता. बारीक, एकसारखी, डावीकडे झुकलेली मुरड. खिशातली डबी छातीला लागत होती, एवढीशी डबी, आणि तिचं वजन पिशवीतल्या ठोकळ्याहून जास्त झालं.

मुंजाजीने ब्रश डब्यात ठेवला. त्याला चेहरा दिसत नाही, पण मी बोलायचा थांबलो होतो आणि ते त्याच्यासाठी नवीन होतं. तो उठून माझ्याजवळ आला, बैल पाणी प्यायला न्यायचं निमित्त करून मला हौदापर्यंत घेऊन गेला. "अप्पा," तो हळू म्हणाला, "एक सांगू का? बंकटला काय बी म्हणा. पर ते हात झडोत तेवढं म्हणू नका. ती आत जाऊन हात धुत बसती. धुतच बसती." मी म्हणालो, "तुला कवा कळलं?" "त्याच दिशी. खटका दाबायच्या आधी. दांडीवर चढलो तवा पेटीच्या फटीतून वास आला कणकेचा. मला वाटलं, आईनं नैवेद्य ठिवला." मग तो थोडा हसला. "तिला वाटलं असंल, पोरगं हरंल. बिनबैलाचा छकडा मागं राहिला तर गावाला तोंड कसं दावंल. मंग तुमची ती गोष्ट तिला आठवली असंल, घरी यून मला हसत सांगितली हुती ती." "कुठली गोष्ट?" "पाटोद्याच्या बैलाची वो."

मी हौदाचा काठ धरला. काठ शेवाळलेला होता, हात घसरला, पुन्हा धरला. पाटोद्याचा बैल. जत्रेआधीच्या माघात सारजाबाई माझ्या दुकानातल्या बाकावर बसली होती, बॅटरी भरायची होती, आणि ती उदास होती, मेंढरांत रोग होता. रिकामा माणूस मला बघवत नाही. मी सांगितलं, आमच्या आज्याच्या वेळी पाटोद्याचा एक बैल होता. पटाच्या आधी घटकाभर त्याच्या नाकपुड्यांना कणकेचे बोळे लावायचे. सगळा दम आत दाटायचा. रुमाल पडला की बोळे काढायचे, आणि बैल जो सुटायचा तो शिरूर कासारला जाऊनच थांबायचा, तिथल्या लोकांना पाटोद्याची खुशाली सांगायला. ती हसली होती. पदर तोंडाला लावून, खूप दिवसांनी. हसली म्हणून मी पुढे गेलो. म्हणालो, "बॅटरीचं बी तसंच हाय सारजाबाई. ह्या भोकांतून निम्मा दम उडून जातो. कणीक लावली तर ट्रॅक्टर इमानावानी उडंल." एवढंच. ती पुन्हा हसली. मला वाटलं होतं तिला दोन आवाजांतला फरक कळतो. पण तिला फक्त एवढं कळत होतं की बॅटरीतलं मला कळतं. पाच वर्षं मी गावाच्या कानांना भोकं म्हणत होतो, आणि साऱ्या गावात एकच माणूस असा निघाला ज्याने माझा शब्दन् शब्द खरा मानला.

राग आला. कुणाचा, ते विचारू नका. हौदाचा आला, पाण्याचा आला, बैल किती आरामात पीत होता त्याचा आला. आणि बंकटचा तर आलाच, कारण पत्रा ठोकला नसता तर मी ती कणीक बघितली असती, हसून काढून टाकली असती, आणि आज मुंजाजी दोन डोळ्यांनी शिंगं रंगवत असता. हे अजूनही खरं आहे. हा राग खोटा नाही. फक्त तो आता माझ्यापासून सुरू होऊन बंकटपर्यंत जात होता आणि वाटेत त्याला सारजाबाईच्या अंगणातून जावं लागत होतं. "तिला म्हाईत हाय का, कणकेनं झालं ते?" मी विचारलं. "आमी कवा बोललो न्हाई," मुंजाजी म्हणाला. "तुमी बोलता, तेवढंच ती ऐकती."

मी ओसरीवर परत आलो. पिशवीतून ठोकळा काढला आणि तिच्या परातीशेजारी ठेवला. "हे बघ सारजाबाई, बीडहून आणली." तिने हात पदराला पुसले. डाव्या हाताचा अंगठा ठोकळ्याच्या कडेकडेने फिरवला, जसा मी सकाळी फिरवला होता. एक फेरी. दुसरी फेरी.

"भोकं कुठंयत अप्पा?"

"न्हाईतच."

"मंग दम कुठून जातो हिचा?"

"जात न्हाई. आतच राहतो. आता सगळ्या कंपन्या अशाच करतात. भोकं बुजवूनच." रबरी पडद्याचं मी बोललो नाही.

तिचा अंगठा थांबला. "आन फुटत न्हाई?"

"छ्या! कावून फुटंल? मी मांडीवर घेऊन आलो की एवढ्या खड्ड्यांतून."

"मंग तवा..."

"तवा त्या बंकटचा पत्रा! वरून खिळे ठोकले, उन्हात तापला, फुटला. भोकं बंद असती काय आन उघडी असती काय, दमडीचा फरक न्हवता." हे बोलताना माझी पस्तीस वर्षं, खडूची फळी, बाण, सगळं एका फुंकरीत विझलं. तोंडात मात्र आवाज बरोबर लागला. दुसरा आवाज, धोक्याचा, जो मी गोष्टींसाठी कधी वापरला नव्हता.

"पाच वर्सं तुमी भोकं भोकं करत हुता की वो."

"थापा मारत होतो. मला काय कळतंय त्यातलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. किती बघावं माणसाने? मग तिच्या तोंडाची एक कड हलली. "थापाड्या मेल्या," ती म्हणाली, आणि ओसरीवरच्या चुलीकडे वळून झाऱ्याने एक कानवला काढला, ताटलीत माझ्यापुढे सरकवला. नैवेद्याआधीच. त्याची मुरड डावीकडे झुकलेली, तेलात फुलून सोनेरी झालेली. मुंजाजी बैल घेऊन अंगणात आला आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "अप्पा, आज बंकटला शिव्या न्हाईत व्हय?"

मग मी दिल्या. त्याच्या परातीला, वायरींना, खिळ्यांना, बॅनरला, गुच्छांना, त्याच्या हलणाऱ्या मानेला. मेंढरं कान टवकारून बघायला लागली. आणि पाच वर्षांत पहिल्यांदा सारजाबाई आत गेली नाही. ती लाटी हातात घेऊन ऐकत बसली, आणि मी दम घ्यायला थांबलो तशी तीच बोलली, हळू, चव घेऊन बघितल्यासारखं, "त्या मुडद्याचे हात झडोत."

"हात नको," मी म्हणालो. "हात नको म्हणू सारजाबाई. जीभ झडो म्हण."

"जीभ कावून?"

"सगळं जिभेनंच झालं."

तिने मला एकदा बघितलं, मुंजाजीला एकदा. "बरं, जीभ झडो," ती म्हणाली आणि पुढच्या कानवल्याची कड दुमडायला लागली. मी ताटलीतला कानवला उचलला आणि तसाच, तेल ठिबकणारा, अख्खा तोंडात घातला. आतलं पुरण धगधगत होतं. जीभ भाजली, डोळ्यांतून पाणी आलं. फुंकर मी घातली नाही.